डोंगरातल्या शाळेत डोंगर कसा शिकवायचा?

प्रश्न: अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याला चौथीला शिकवते. पोरं रोज १६४६ मीटरचं शिखर बघतात, नवरात्रात आईबापाबरोबर देवीला चढून जातात, पण वहीत त्यातलं काहीच येत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: ताई, कारवीच्या झुडपापासून करा. दर सात वर्षांनी फुलते, तिच्या काठ्यांचा कूड, म्हणजे घराची भिंत, विणून शेणाने लिंपतात, हे एखाद्या आजीकडून वर्गातच करून घ्या, पोरं हात माखून घेतील आणि जन्मात विसरणार नाहीत.

उत्तर २: बियाणं पण घ्या ना. तुमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना गावठी बियाण्यांसाठी पद्मश्री मिळाली. आणि मॅडम, पोरांची घरची बोली 'अशुद्ध' म्हणून खोडू नका प्लीज, माझी खोडली होती, अजून लागतं.