डिकीत सगळं होतं, तरी रस्त्यात अडकलो. भरवशाचा संच कसा जमवायचा?

लांबचा प्रवासी:

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास, धो धो पावसात, माझ्या गाडीचं मागचं डावं चाक बसलं. मागच्या सीटवर आई होती. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला उतरवून कुठे उभं करावं हाही प्रश्नच. डिकीत, रस्त्यात अडकल्यावर लागणाऱ्या वस्तूंची चार वर्षांपूर्वी घेतलेली तयार पेटी होती, म्हणून मी अगदी निर्धास्त होतो.

टॉर्च लागला नाही. सेल पाझरून आतल्या स्प्रिंगवर पांढरट हिरवी बुरशी चढावी तसा थर साचला होता. मोबाइल दातात धरून जॅक काढला. चार नट कसेबसे सुटले, पाचव्यावर पाना बसेचना. तो चोरी होऊ नये म्हणून लावलेला लॉक नट होता आणि त्याची चावी कुठे आहे हे मला माहीतच नव्हतं. अर्ध्या तासाने ती आईला सापडली, पुढच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या मागे एका छोट्या डबीत. एवढं करून स्टेपनी चढवली, जॅक उतरवला, तर स्टेपनीही रिमपर्यंत खाली बसली. हवाच नव्हती. शेवटी एक ट्रकवाले थांबले आणि त्यांनी आपल्या ट्रकच्या हवेच्या टाकीला नळी जोडून चाक भरून दिलं. त्यांचं नावही विचारायचं राहून गेलं, याची अजून रुखरुख आहे.

वस्तूंच्या याद्या मला नकोत, त्या खूप वाचल्या. खरोखर रस्त्यात अडकलेल्यांनी सांगा: काय लागतंच, काय उगाच, आणि कोणती वस्तू कुठे ठेवायची?

जुना ड्रायव्हर:

दादा, बावीस वर्षं रात्रीची मालवाहतूक केली, आता गॅरेजमध्ये काम करतो. माझा नियम एकच आहे: जी वस्तू घरी एकदा स्वतःच्या हाताने वापरून पाहिली नाही, ती संचात धरायची नाही. तुमची पेटी चार वर्षं उघडलीच गेली नाही, तिथेच सगळं आलं.

स्टेपनीपासून सुरू करा. दर महिन्याला चार चाकांची हवा तपासता तेव्हा पाचव्याचीही तपासा आणि तीन-चार पीएसआय जास्तच ठेवा, कमी करणं सोपं असतं. स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावर छापलेला आकडा वाचा. बहुतेकींना 60 पीएसआय हवा लागते आणि ताशी 80 किलोमीटरच्या वर पळवायची नसते. टायरचं वयही बघा. बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. आमच्याकडे अशा स्टेपन्या येतात की नक्षी कोरी करकरीत आणि बाजूच्या भिंतीला नखाएवढ्या भेगा.

आता नट. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांचे नट साधारण 100 ते 120 न्यूटन-मीटरने आवळतात. गाडीसोबत मिळणारा पाना वीतभर, म्हणजे 25 सेंटिमीटर धरा. त्याच्या टोकावर 45 किलोच्या आसपास जोर दिला तर नट हलणार, आणि गंजला असेल तर तेवढ्यानेही नाही. दांडा 50 सेंटिमीटरचा घेतलात की जोर निम्म्यावर येतो. म्हणून मी सगळ्यांना आधी लांब होणारा पाना घ्यायला सांगतो. सॉकेट मात्र तुमच्या नटाच्या मापाचंच असावं. चार मापांच्या फुली पान्याचं एखादं तोंड जरा सैल बसतं आणि नटाच्या कडा गोल होतात. एकदा कडा गोल झाल्या की रस्त्यात काही करता येत नाही.

नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना. त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळा, मग जॅक. जॅकखाली घालायला हातभर लांब, दोन बोटं जाड फळी ठेवा. ओल्या मातीत जॅकचा तळ तिरका आत शिरतो, गाडी किंचित डुलते आणि पत्रा कुरकुरतो. तो आवाज मी दोनदा ऐकलाय, आणि दोन्ही वेळा माझा हात चाकाच्या मागे नव्हता म्हणून आज हे लिहितोय. जॅकवरच्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालू नका.

उजेडासाठी डोक्याला बांधायचा दिवा घ्या, म्हणजे मोबाइल दातात धरावा लागणार नाही. साधे सेल पाझरतात, म्हणून सेल दिव्याबाहेर वेगळे ठेवा किंवा लिथियमचे घ्या.

बॅटरीचं लिहायला घेतलं की फार लांबतं, तरी बंद पडलेली गाडी दुसरीच्या बॅटरीवर सुरू करायच्या केबलबद्दल सांगतोच. बाहेरून जाड दिसणाऱ्या केबलमध्ये पुष्कळदा प्लास्टिकच जास्त असतं. टोकाला आतली तार बघून घ्या: तांब्याची आणि निदान 16 चौरस मिलिमीटरची. मोठ्या किंवा डिझेल इंजिनाला 25 ची. जोडायचा क्रम पक्का लक्षात ठेवा. लाल चिमटा बसलेल्या बॅटरीच्या अधिकवर, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या अधिकवर, काळा चांगल्या बॅटरीच्या उणेवर, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब. काढताना बरोबर उलटा क्रम. तरीही गाडीच्या पुस्तिकेत वेगळी जागा दाखवली असेल तर पुस्तिकेचं ऐका.

स्टेपनीविना:

माझ्या गाडीला स्टेपनी आलीच नाही, फक्त पंक्चर बुजवणाऱ्या फेसाची बाटली आणि हवा भरायचा छोटा कंप्रेसर. अशा गाड्या आता बऱ्याच आहेत. स्टेपनीऐवजी एवढं पुरतं का?

जुना ड्रायव्हर:

खिळ्याला पुरतं, फाटलेल्या टायरला नाही. फेस काय किंवा भोकात खुपसायची रबराची वळी काय, नक्षीच्या भागातल्या साधारण 6 मिलिमीटरपर्यंतच्या भोकालाच चालते. बाजूची भिंत चिरली तर गाडी उचलूनच न्यावी लागते. बाटलीवरची मुदत आज बघा, चार-पाच वर्षांत ती संपते. आणि मी तुमच्या जागी असतो तर वळीचा संच वेगळा घेतला असता: आरी, सुई, चिकट वळ्या, पक्कड. फेस भरलेलं टायर नंतर साफ करताना आमचा जीव मेटाकुटीला येतो.

कंप्रेसर चालवताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर चाक भरेल आणि बॅटरी बसेल. कंप्रेसर ज्यात लावता त्या सॉकेटचा फ्यूज उडाला तर जवळ जादा फ्यूज असू द्या. लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा. जो गेला त्याच आकड्याचा लावा, मोठा लावू नका, वायर जळते.

रात्रपाळीची नर्स:

मी अपघात विभागात आहे. वरचं सगळं वाचलं, पण गाडी नीट करण्याआधी माणसं नीट राहायला हवीत, म्हणून लिहिते.

रिफ्लेक्टरचं जॅकेट डिकीत ठेवू नका. दार उघडण्यापूर्वी ते अंगात हवं, म्हणजे सीटच्या खाली किंवा दाराच्या कप्प्यात, आणि जितकी माणसं तितकी जॅकेटं. ताशी 100 च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. तुमच्या मागे वीस पावलांवर रिफ्लेक्टरचा इशारा देणारा त्रिकोण ठेवला तर तिला सेकंदभरही मिळत नाही. अशा रस्त्यावर तो निदान 100 मीटर मागे हवा. ठेवायला जाताना उघडून छातीसमोर धरून चाला, नजर येणाऱ्या गाड्यांकडे. आणि एवढं चालणंच जिवावरचं वाटलं तर जाऊ नका. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारे हॅझर्ड लाइट लावा, सगळ्यांना वाहतुकीपासून लांबच्या बाजूच्या दारांनी उतरवा, कठड्यापलीकडे न्या आणि तिथून फोन करा. गुडघे दुखणाऱ्या आईलासुद्धा, हळूहळू का होईना. उभ्या गाडीत मागून ठोकर बसलेली माणसं आमच्याकडे येतात, त्यामुळे यात मी तडजोड करत नाही.

प्रथमोपचाराच्या डब्यात मलमं आणि गोळ्या भरू नका, गाडीतल्या उन्हाने त्या निकामी होतात. आईची रोजची औषधं पर्समध्ये असू द्या. डब्यात रबरी हातमोजे, जाड गॉज, रुंद बँडेज आणि बोथट टोकाची कात्री. रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून तळहाताने सगळा भार देऊन दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. शिवाय एक घोंगडी आणि दोन लिटर पाणी. काच फोडायचं हत्यार आणि बेल्ट कापायची पट्टी चालकाच्या हाताला लागेल अशी ठेवा. समोरची काच त्याने फुटत नाही, बाजूची फोडायची, कोपऱ्यात.

लांबचा प्रवासी:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी गाडी सपाट जागी लावून चाक बदलून पाहिलं. नवा लांब पाना, फळी, डोक्याचा दिवा, सगळं वापरलं. आईने खुर्ची टाकून घड्याळ लावलं: पहिल्यांदा सत्तेचाळीस मिनिटं, दुसऱ्यांदा एकवीस. लॉक नटची चावी पान्यालाच दोरीने बांधली. जॅकेटं सीटखाली गेली, पाण्याच्या बाटल्यांवर तारीख लिहिली. जुनी केबल टोकाला सोलून पाहिली, तार पेन्सिलीच्या शिसाएवढी निघाली. ती टाकून दिली. अग्निशामक घ्यायचाय, त्यावर काही?

जुना ड्रायव्हर:

एक किलोचा, कोरड्या पावडरचा, काटा हिरव्यात असलेला. सीटजवळ पट्ट्याने घट्ट बसवा, सुटा ठेवलात तर ब्रेक दाबल्यावर पायात येतो. जेमतेम आठ-दहा सेकंद चालतो, म्हणून आग अगदी लहान असेल तरच वापरा. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका, आत हवा गेली की भडका होतो. शंका वाटली की लांब पळा, गाडी जाऊ द्या.

आणि दादा, रविवारी चाक काढून लावलंत ना? 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात. आवळलेत का?

लांबचा प्रवासी:

नव्हते आवळले. सत्तर किलोमीटर झाले होते. आत्ता खाली जाऊन आलो, पाचपैकी दोन नट जरासे फिरले.