प्रति: शेवट कळला की मजा गेली
शेवट आधी कळला की बघण्यात काही उरत नाही असं वर म्हटलंय, ते खुनी कोण टाइपच्या सिरीजपुरतं मान्य, तिथे फोडणाऱ्याचा मलापण राग येतो. पण आमच्या गोव्यात जत्रेला काला, म्हणजे दशावतारी नाटक होतं, त्यात संकासुर राक्षस वेद चोरणार आणि शेवटी विष्णूच्या हातून मरणार हे मांडवातल्या पोरांनाही पाठ असतं. तरी तो काळ्या वेषात उतरला की पुढ्यात बसलेली पोरं आयांच्या मागे दडतात आणि म्हातारी माणसं त्याच्या आणि सूत्रधाराच्या सवालजवाबात आज नवीन काय निघतंय ते कान टवकारून ऐकतात, झोप गेली खड्ड्यात. उलट त्या रात्रीची एखादी फक्कड कोटी कुणी आधीच सांगून टाकली तर जाम चिडायला होतं.