मांडीमागचा स्नायू दुखावला आहे. सोनोग्राफी करावी की एमआरआय?

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा भाऊ शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळताना वेगाने धावत असताना त्याच्या मांडीच्या मागे, अगदी बसण्याच्या हाडाजवळ, एकदम कळ आली आणि दोन दिवसांत तिथे काळेनिळे पडले. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. पुढे कोणती तपासणी करावी?

उत्तर १ : एक्स-रेमध्ये हाड दिसते, स्नायूची फाटाफूट दिसत नाही. तरीही तो काढला हे योग्यच झाले, कारण या वयात कधीकधी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) तुटण्याऐवजी तिच्यासह हाडाचा तुकडाच उखडतो. सोनोग्राफी स्वस्त असते आणि पाय हलवत पाहता येते, परंतु बसण्याच्या हाडाजवळची खोल इजा तिच्यातून निसटू शकते. आपण सांगितलेली जागा पाहता मी एमआरआयच सुचवेन.

उत्तर २ : सहमत. अहवालात केवळ सूज आहे की कंडराही फाटली आहे, हे आवर्जून पाहा. स्नायूंच्या इजांची प्रतवारी करणाऱ्या २०१४ च्या ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्स वर्गीकरणात कंडरेतील इजेला स्वतंत्र अक्षर दिले आहे, कारण ती भरायला सहसा अधिक काळ लागतो. मात्र मैदानात कधी उतरायचे हे केवळ चित्रावरून ठरवू नका. ताकद, लवचीकता आणि धावताना होणारी वेदना डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासायलाच हवी.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. उद्याच अस्थिरोगतज्ज्ञांना भेटून एमआरआयविषयी विचारतो, आणि तोवर त्याला तालमीच्या पायऱ्यासुद्धा चढू देणार नाही.