मदत हवी आहे: टेबल मोठं झालंय, रिपोर्ट उघडतच नाही

अडकलोय_राव: डेटाबेसमध्ये दूध संकलनाच्या नोंदींचं टेबल आहे, रिपोर्ट लावला की नुसतं चक्र फिरतंय. शोध पटकन लागावा म्हणून इंडेक्स सगळे टाकून झाले. पार्टिशन करू का, म्हणजे टेबलाचे तुकडे? उद्या दहा दिवसांची बिलं काढायचीत, लवकर सांगा.

जुना_डीबीए: कुठला डेटाबेस? रो (ओळी) किती? क्वेरी काय? एक्सप्लेन लावून डेटाबेस ती कशी चालवतोय ते बघितलं का?

अडकलोय_राव: मायएसक्यूएल ८, त्याचं इनोडीबी स्टोरेज इंजिन. ४ कोटींच्या वर रो. क्वेरी साधीच आहे, एका संस्थेचं ११ ते २० तारखेचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग).

हत्तीप्रेमी: पोस्टग्रेसवर या. व्हर्जन १० पासून पार्टिशनिंग मस्त झालंय.

जुना_डीबीए: अहो उद्या बिलं आहेत त्याची, आज डेटाबेस बदलायला सांगताय? @अडकलोय_राव साधी म्हणजे कशी, क्वेरीतली व्हेअरची अट टाक ना इथं.

अडकलोय_राव: व्हेअर संस्था_आयडी = ? अँड डेट(वेळ) बिटवीन ? अँड ?. दोन्ही कॉलमवर इंडेक्स आहे!!

जुना_डीबीए: कॉलमला डेट() गुंडाळलंस की त्या कॉलमचा साधा इंडेक्स तारखेची रेंज शोधायला वापरताच येत नाही. वेळ >= ११ तारीख आणि वेळ < २१ तारीख असं लिही, आणि दोन सुटे इंडेक्स ठेवण्यापेक्षा (संस्था_आयडी, वेळ) असा एकच कर, याच क्रमाने. पार्टिशनच्या नादी आत्ता लागू नकोस, फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणाऱ्या) असतील तर इनोडीबी करूच देणार नाही, शिवाय पार्टिशनचा कॉलम प्रायमरी कीतही (प्रत्येक रोची वेगळी ओळख) घालावा लागतो.

गवळीदादा: ते फॅट मशीनवर नीट येतंय का ते बघा आधी, आमच्या गावात म्हशीला गाईचा दर लावत होते.

टेबलखुर्ची: प्रायमरी की काय आहे?

अडकलोय_राव: यूयूआयडी, म्हणजे लांबलचक युनिक आयडी, कॅर ३६ (३६ अक्षरं).

टेबलखुर्ची: तरीच! इनोडीबीत रो प्रायमरी कीच्या क्रमानेच साठतात, तुझी की रँडम, म्हणजे प्रत्येक इन्सर्ट कुठल्यातरी मधल्याच पानात घुसणार आणि पानं फुटत राहणार. वर प्रत्येक सेकंडरी इंडेक्समध्ये (प्रायमरी की सोडून बाकीचे इंडेक्स) ती ३६ अक्षरं परत. बिगइंट ऑटो इन्क्रिमेंट कर, म्हणजे आपोआप वाढत जाणारा आकडा.

जुना_डीबीए: बरोबर आहे पण ते बिलं झाल्यावर. ४ कोटींचं टेबल परत बांधायचं म्हणजे खेळ नाही.

एक्सेलवाला: एक्सेलला काढून पिव्हट मारा, १०,४८,५७६ ओळी बसतात.

अडकलोय_राव: इंडेक्स टाकतोय, चाललंय अजून. संध्याकाळचं संकलन सुरू होईल आता, एंट्री अडकणार नाही ना?

जुना_डीबीए: सेकंडरी इंडेक्स ऑनलाइन बनतो, एंट्री चालू राहते. फक्त कुठलं जुनं ट्रान्झॅक्शन उघडं राहिलं असेल तर मेटाडेटा लॉकवर (टेबलाच्या रचनेवरचं कुलूप) सगळं तुंबेल. शो प्रोसेसलिस्ट मार, आत्ता काय काय चाललंय त्याची यादी येईल, त्यात काय दिसतंय ते टाक.