मदत हवी आहे: हाऊस ट्रॅकमध्ये किक, बास आणि संबळ, तिघांचं जमेना

तेरणेचा

नमस्कार मंडळी,

धाराशिवहून लिहितोय. गेल्या पावसाळ्यापासून लॅपटॉपवर हाऊस संगीत (प्रत्येक ठोक्यावर किक पडणारं नाचाचं संगीत) करायला लागलोय. सॉफ्टवेअर एलएमएमएस (फुकट आहे म्हणून, दुसरं कारण नाही), सिंथ (आवाज घडवणारं वाद्य) म्हणून व्हायटलची फुकटातली आवृत्ती, ऐकायला दोन छोटे स्पीकर आणि हेडफोन. ट्रॅक १२४ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२४ ठोक्यांचा आहे. पट्टी जी मायनर, म्हणजे पेटीवर पांढरी पाच.

अडचण खालच्या अंगाची आहे. किक, म्हणजे ड्रमचा खालचा ठोका, नेटवरून उतरवलेलं ९०९ या ड्रम मशीनचं सॅम्पल (रेकॉर्ड केलेला तुकडा) आहे. बास मी व्हायटलमध्ये केलाय, एक सॉ लहर (करवतीच्या दात्यांसारखी, खरखरीत) आणि तिच्या खाली एक साइन (गोल, गुळगुळीत लहर). दोन्ही सुटे ऐकले तर झकास. एकत्र लावले की किकचा ठोका गायब आणि उरतो तो नुसता भदभदाट. त्यातही दर वेळी सारखं होत नाही, एखादी किक मध्येच नीट लागते. खोलीत पांढरी पाचचे सूर छातीवर येतात, पांढरी दोन लागली की बास कुठे गेला तेच कळत नाही. हेडफोनवर एवढा फरक जाणवत नाही. मोबाइलवर तर बास आहे की नाही हीच शंका.

वर संबळ. आमच्या भावकीत गोंधळ होता, तेव्हा गोंधळी मंडळींना विचारून त्यांचं वाजवणं मोबाइलवर घेतलं. खरं तर हा ट्रॅक त्या संबळासाठीच सुरू केला. पण संबळाचं खालच्या सुराचं भांडं किकच्या अंगावर येतंय. एकेक आघात कापून सोळा घरांच्या जाळीत बसवले तर ठेक्यातला सगळा जीवच गेला.

व्हिडिओवाले सगळे एकच सांगतात, साइडचेन लावा, म्हणजे किक वाजली की बास आपोआप दबेल. लावलं. भदभदाट आता हेलकावे खात येतो. कृपया कारणासकट सांगा.

गोदाकाठ

खोली किती बाय किती? आणि किकचं सॅम्पल किती लांब आहे, मिलिसेकंदांत?

तेरणेचा

बारा बाय दहा फूट, वर पत्रे. किक साधारण ४५० मिलिसेकंद दिसतेय.

गोदाकाठ

अर्धी भानगड त्या ४५० मध्येच आहे. १२४ बीपीएमला एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा होतो. तुझी किक पुढची किक येईपर्यंत रेंगाळतेय, मग बासनं शिरायचं कधी? हाऊसमधली बासची ओळ पुष्कळदा दोन किकच्या बरोबर मधल्या जागेवर उभी असते, आणि ती जागा येते २४२ मिलिसेकंदांवर. त्याच्या आत किकची शेपटी संपलीच पाहिजे.

सॅम्पल कापून फेड देता येईल, पण मी म्हणेन किक स्वतः घडव. एलएमएमएसमध्ये किकर नावाचं वाद्य त्यासाठीच आहे. मूळ रोलंड टीआर-९०९ (१९८३) मध्येही किक रेकॉर्ड केलेली नव्हती. हॅट (झांजेसारखा आवाज) आणि सिंबल तेवढे ६ बिटांचे सॅम्पल होते, किक आणि स्नेअर सर्किटमधून निघायचे. गाभा सोपा आहे: साइन लहर उंचावर सुरू होते आणि क्षणात खाली घसरते. ती घसरण म्हणजेच कानाला लागणारा ठोका. सुरुवात २२० हर्ट्झ, शेवट ४९, लांबी २२० मिलिसेकंद ठेवून बघ. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ४९ हर्ट्झला आहे, म्हणून तो आकडा. घसरण फार घाईची केलीस तर नुसता टक ऐकू येतो, फार सैल केलीस तर पिऊ असं काहीतरी होतं. मधली जागा कानानंच सापडते, त्याला आकडा नाही. क्लिकची कळ थोडी चढव.

आता बास. तुझी साइन ४९ ला आणि किकची शेपटीही तिथेच. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर आला की दोघी एकमेकींना खातात, चढावर चढ आला की फुगतात. एखादीच किक नीट लागते म्हणालास ना, त्याचं कारण हे: व्हायटलमध्ये ऑसिलेटरची फेज मुळात रँडम असते, प्रत्येक सूर लहरीच्या वेगळ्याच बिंदूवरून सुरू होतो. साइनच्या ऑसिलेटरवरची ती रँडमची कळ शून्यावर आण. दर ठोक्याला तोच आवाज मिळाला तरच तो सुधारता येतो.

पांढरी पाच अंगावर येते त्यात मात्र ट्रॅकचा दोष नाही, भिंतींचा आहे. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, आणि साधारण ४७ हर्ट्झची अर्धी लहर तेवढ्याच लांबीची असते. ती दोन भिंतींमध्ये अडकून घुमते. दहा फुटांच्या बाजूला हाच प्रकार ५६ च्या आसपास. तुझी पांढरी पाच ४९, काळी पाच ५८. दोन्ही नेमक्या तिथेच! पांढरी दोन ३६.७ ला आहे, छोट्या स्पीकरला ती झेपतच नाही. म्हणून खोलीत ऐकून ईक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करणं) लावू नकोस, चांगला सूर विनाकारण कापशील. खालचं अंग हेडफोनवर ठरव आणि पांढरी दोन एक सप्तक वर, ७३ हर्ट्झला घे.

साइडचेन सगळ्यात शेवटी. किकच्या चॅनलवर पीक कंट्रोलर टाकून त्याला बासच्या चॅनलचा आवाज उलट्या दिशेनं जोड. वर सांगितलेलं जमलं तर तीन-चार डेसिबलची दबकी पुरते. तुझे हेलकावे आले ते लांब किकमुळे, बास वर यायला उसंतच नव्हती.

मंडपवाला

मी बीडकडं साउंड लावतो. लग्न, जयंती, मिरवणूक, सगळं. पोरं पेन ड्राइव्हवर गाणं बनवून आणायलेत आन् म्हणायलेत, दादा बास येईना, वाढवा. वाढवून काय व्हायलंय? एका दारातून दोन म्हशी एकदम निघायल्यात, दार कितीबी मोठं करा, अडकणारच. वरच्या भाऊनं सांगितलं ते खरंय.

माझ्याकडून दोन गोष्टी. आमच्याकडं क्रॉसओव्हर (खालचा-वरचा आवाज वेगळा करायची जागा) शंभर हर्ट्झच्या आसपास असतो, त्याच्या खालचं सगळं अठरा इंचीला जातं आन् ते मोनोच असतं. व्हायटलमध्ये युनिझन (एकाच सुराच्या अनेक प्रती) लावून बास डावा-उजवा फाकवला असंल तर हेडफोनवर लई भारी वाटतं, मंडपात अर्धा बास एकमेकात मरतो. साइन एकच ठेव, मधोमध. फाकवायचं ते वरच्या सॉ लहरीला. दुसरं, पस्तीसच्या खालचं कापून टाक. ते कुणाला ऐकू येत नाही, नुसता कोन हलतो आन् अॅम्प्लिफायर तापतो.

मोबाइलवर बास पाहिजे असंल तर बासला जरा डिस्टॉर्शन दे. मोबाइलचा स्पीकर ४९ काय, १०० बी वाजवत नाही. पण डिस्टॉर्शननं वरचे ९८, १४७, १९६ असे सूर निघतात, त्यातला जेवढा भाग मोबाइलवर ऐकू येतो तेवढ्यावरून कान खालचा सूर आपोआप धरतो.

बिंदुसरा

संबळाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

गोंधळातला ठेका पुष्कळदा सहाच्या अंगानं चालतो, म्हणजे एका किकमध्ये तीन आघात. १२४ ला ते पडतात ०, १६१ आणि ३२३ मिलिसेकंदांवर. सोळा घरांची जाळी आहे १२१, २४२, ३६३ अशी. तुम्ही जाळीत बसवलंत तेव्हा दुसरा आघात ४० मिलिसेकंद लवकर ओढला गेला आणि तिसरा ४० उशिरा ढकलला गेला. जीव गेला तो तिथे. आघात कापूच नका. ऑडॅसिटीमध्ये (आवाज कापायचं सॉफ्टवेअर) एकेक आवर्तन सलग कापा, फक्त पहिला आघात किकवर आणा आणि आतलं गोंधळ्यांच्या हाताचं अंतर तसंच राहू द्या. हातानं वाजवलेलं थोडं मागंपुढं असणारच, तेच हवंय. सोळांशाच्या बारीक हॅट असतील तर काढा, त्या तीनाच्या चालीशी भांडतात. दोन किकच्या मधली ओपन हॅट मात्र ठेवा. दोनावर तीन असं झालं की ओढ येते. आणि क्लोज्ड हॅट वाजली की ओपन तिथेच तुटली पाहिजे, नाहीतर वर सगळा फसफसाट होतो.

गोदाकाठ

सहमत. फक्त संबळाला १८० हर्ट्झचा हाय-पास (त्याच्या खालचं कापणारा फिल्टर) लावायला विसरू नकोस, म्हणजे किकच्या अंगावर येणार नाही.

बिंदुसरा

इथे मी असहमत. १८० ला कापलंत की खालचं भांडं गेलं, उरली नुसती टिपरी. मग संबळ घेतलाच कशाला? ज्या आठ-सोळा मात्रांत संबळ मोकळा वाजतो तिथे बासच काढून टाका. खालचं भांडंच तिथला बास. किक राहू द्या, तीही जरा आखूड. बास परत येईल तेव्हा हाय-पास हळूहळू वर सरकवा. हाऊसमध्ये येणं-जाणं यावरच तर सगळा खेळ आहे.

जुना_श्रोता

अवांतर: बासचा विषय निघालाच आहे तर सांगतो. शिकागोच्या पोरांनी ज्या टीबी-३०३ मधून अॅसिड हाऊसचा चिरका बास काढला, ते यंत्र रोलंडनं १९८१ साली गिटारवाल्यांना साथीला बास म्हणून काढलं होतं. चाललं नाही, १९८४ ला बंद. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं आणि पोरांच्या हाती पडलं. आणि मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ३०३ आणि ८०८ (रोलंडचंच ड्रम मशीन) वर राग वाजवून तबकडी काढली होती, तेव्हा तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. तुमच्या संबळाला कुणी नावं ठेवली तर मनावर घेऊ नका.

तेरणेचा

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणांत टाकलाय. किकरवर किक घडवली, फेजची कळ शून्यावर आणली, आणि साइडचेन लावायच्या आधीच दोन्ही सुटे ऐकू यायला लागले. मंडपवाला दादा, युनिझन होतंच, साइनवरचं काढलं. संबळाचं बिंदुसराताईंच्या पद्धतीनं करायलोय. मोबाइलवर घेतल्यामुळे जोराचा आघात आला की मागचा सगळा आवाज दबतो आणि मग वर येतो, त्याला उपाय आहे का? आणि क्लॅप तयार मिळालेली फारच गुळगुळीत वाटते, तीही घडवता येते का?

बिंदुसरा

दबलेला आवाज परत काढता येत नाही. पुढच्या वेळी असं अॅप वापरा ज्यात आवाजाची आपोआप पातळी आणि नॉइज कमी करणं दोन्ही बंद करता येतं, फाइल वेव्हमध्ये घ्या, आणि फोन चार-पाच हात लांब ठेवा.

गोदाकाठ

क्लॅप (टाळीचा आवाज) म्हणजे व्हाइट नॉइज, नुसती खरखर, १ किलोहर्ट्झच्या आसपास बँड-पास केलेली, म्हणजे तेवढाच पट्टा ठेवलेली. युक्ती आघातात आहे: १०-१० मिलिसेकंदांच्या अंतरानं तीन आखूड झटके, आणि चौथ्याला १२० ते १५० मिलिसेकंदांची शेपटी. झटक्यांची अंतरं अगदी सारखी ठेवू नकोस, ९, ११, १० अशी ठेव, गुळगुळीतपणा जाईल. दुसऱ्या आणि चौथ्या किकवर लाव. खालून ३०० पर्यंत काप, तिथे तुझ्या संबळाचं काम चालू आहे.