तार्दीवोचा गड्डा धरत नाहीये. उपटून टाकू का?

ओलीभेळ

मंडळी, इटलीत पादोवाजवळ राहायला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. घरमालकांनी मागची दहा बाय बारा फुटांची जागा "लाव काय लावायचं ते" म्हणून देऊन टाकलीय. मेथी, कोथिंबीर छान येते. इथे राहतोय तर इथलंही काही लावावं म्हणून रादिक्किओची, म्हणजे लाल पानांच्या कडू चिकोरीची, दोन पाकिटं आणली. एक किओज्जा गावचा गोल, दुसरा त्रेविझो शहराकडचा 'तार्दीवो'.

पहिला घोळ माझाच. एप्रिलमध्ये मेथीबरोबर हेही पेरलं. जून संपेपर्यंत गड्डाबिड्डा काही नाही, कमरेएवढे दांडे आले आणि त्यांना निळी फुलं. जुलैत पुन्हा पेरलं, ऑगस्टमध्ये फूट-फूट अंतरावर रोपं लावली. आता नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. किओज्जाच्या नऊपैकी पाच झाडांना मुठीएवढे गड्डे आलेत. तार्दीवोची चौदा झाडं मात्र पानं पसरून लोळतायत, हिरवट-तपकिरी, कडा करपलेल्या. गेल्या आठवड्यात दोनदा सकाळी सगळं पांढरं झालं होतं. बाजारातला तो लालचुटूक, पांढऱ्या दांड्याचा, वाकड्या बोटांसारखा तार्दीवो कुठे आणि हे कुठे! उपटून तिथे लसूण लावू का?

दुसरं म्हणजे कडूपणा. एक गड्डा मेथीसारखा बारीक चिरून लसूण-मिरचीवर परतला. तपकिरी लगदा झाला. नवऱ्याने खाल्लं, पण दोनदा पाणी पिऊन "तुला आवडलंय का हे?" असं फारच प्रेमाने विचारलं. उरलेल्याची भजी केली तर ती आतून निळसर-हिरवी! बुरशी असेल म्हणून टाकून दिली.

कृष्णाकाठ

अगं थांब! एकही झाड टाकू नकोस. तुझं सगळं बरोबर चाललंय. तार्दीवो शेतात असाच दिसतो, मेल्यासारखा.

मी सांगलीची, पण एकवीस वर्षं त्रेविझोच्या पश्चिमेला, सिले नदीच्या उगमाकडच्या गावात राहतेय. पहिल्या वर्षी मीही तुझ्यासारखीच चार झाडं उपटून कंपोस्टात टाकली होती. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून पाहिलं, काही बोलले नाहीत. जाऊन कंपोस्टातून चारही काढून घेऊन गेले. तीन आठवड्यांनी माझ्याच झाडांचा रादिक्किओ मला ताटलीतून आणून दिला. ती लाज अजून गेलेली नाही.

तर काय होतं ते सांगते. थंडीने दोनदा तरी मारल्याशिवाय तार्दीवो काढायचाच नसतो. तो मार बसला की बाहेरची पानं जातात, पण मुळामध्ये अन्नाची साठवण तयार असते. मग झाड मुळासकट खणून काढायचं आणि अंधारात, पाण्यात उभं करायचं. त्या साठवणीवर आतून नवा कोंब येतो. उजेड नसल्यामुळे त्यात हिरवा रंग भरत नाही, म्हणून दांडा पांढरा राहतो, पान लाल होतं आणि कडूपणाही बराच उतरतो. इथे सिलेचं पाणी जमिनीतून झऱ्यांनी वर येतं, बारा महिने साधारण 12 अंशांच्या आसपास. बाहेर शून्याखाली असताना त्याला हात लावला तर कोमट वाटतं. शेतकरी झाडांच्या जुड्या त्या वाहत्या पाण्याच्या टाक्यांत ठेवतात. म्हणून हा प्रकार इथे वाढला. 1996 पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे. तुझ्या किओज्जावाल्याला ते 2008 मध्ये मिळालं, आणि त्याला बादलीबिदली लागत नाही. त्याचे गड्डे शेतातच आवळतात. चार आवळले नाहीत ते नाहीत, त्यांची पानं खुडून खा.

तुझ्याकडे झरा नाही, बादली तर आहे? कुदळीने बाजूने खण, मूळ वीतभर तरी राहू दे. माती झटक, करपलेली बाहेरची पानं काढ, सहा-सात झाडं सुतळीने सैल बांध. बादलीत मुळं बुडतील एवढंच पाणी. पानं बुडली तर सडतात, हे माझ्या दुसऱ्या वर्षीचं शहाणपण. वरून काळी पिशवी किंवा जाड गोणपाट. गॅरेजात ठेव, गोठणार नाही अशा जागी. घरात हीटरजवळ मुळीच नको. पाणी रोज बदल, वाहतं नाही तर निदान ताजं तरी. पंधरा-वीस दिवस.

उघडशील तेव्हा नाक धर. बाहेरची पानं बुळबुळीत होऊन वास मारतात. इथे पुन्हा फसू नकोस. केळफूल सोलतो ना आपण, तसं एकेक पान काढत जायचं, हात काळे होईपर्यंत, आणि मग आत तो लाल-पांढरा गाभा. मूळ चाकूने तासून पेन्सिलीसारखं टोकदार कर, बोटभर राहू दे. तेही खातात, गोडसर असतं. निम्म्याहून जास्त माल फेकण्यात जातो. बाजारात तो इतका महाग का, ते त्या दिवशी कळेल.

आणि एप्रिलमध्ये पेरलास ते ऐकून आजोबा हसले असते. उन्हाळा आणि लांबलेला दिवस याला चालत नाही, थेट दांडा काढतो. जुलैत पेरलास ते योग्य.

आता भजी. ती बुरशी नव्हती गं, सोडा होता! हा लाल रंग आंबटात लाल राहतो, सोड्यात निळा-हिरवा होतो. पुढच्या वेळी सोडा न घालता कर, पिठात दोन चमचे गरम तेल घाल. आणि परतताना सुरुवातीलाच लिंबू किंवा व्हिनेगर शिंपड, तपकिरी लगदा होणार नाही.

कडूपणासाठी चिरून अर्धा तास गार पाण्यात ठेव. कापल्यावर दुधासारखा चीक दिसतो ना, कडू बरंचसं त्यात असतं. पण सगळं काढून टाकू नकोस, मग कोबी खाल्लेला काय वाईट? आपल्या हाताला जमणारं म्हणजे पीठ पेरून. लसूण, सुकी मिरची, चिरलेला किओज्जा, लिंबू, सुपारीएवढा गूळ, वरून भाजलेलं बेसन. तार्दीवो मात्र चिरू नकोस. उभे चार भाग करून तव्यावर तेल-मीठ लावून भाज, दांडा करकरीत राहिला पाहिजे.

आणि इथला खरा घरगुती पदार्थ म्हणजे 'रादीचो ए फाझोय'. कच्चा चिरलेला रादिक्किओ, त्यावर बोरलोत्ती शेंगदाण्यांची, म्हणजे आपल्या राजम्याच्या भावंडाची, घोटलेली गरमागरम आमटी, वर व्हिनेगर. खालचं पान गरम आमटीने नुसतं लवतं, शिजत नाही. मी आमटीला लसणाची फोडणी देते. आजोबांना सांगितलेलं नाही.

फिल्टरकापी

पुण्याहून वाचतोय. पुस्तकी इटालियनमध्ये 'रादिक्किओ' आणि ताईंच्या पदार्थात 'रादीचो'? आणि ही चिकोरी म्हणजे आमच्या कॉफीच्या पुडीतलीच का?

कृष्णाकाठ

व्हेनेतोच्या, म्हणजे आमच्या या भागाच्या, बोलीत रादीचोच म्हणतात, आजोबाही तेच म्हणतात. पण दुकानात "रॅडिचिओ" म्हणू नका, बाई दुरुस्त करते. चिकोरी हो, तीच जात. कॉफीचा वाण वेगळा, गाजरासारखं जाड मूळ धरणारा. ते वाळवून भाजून दळतात. तुमच्याकडे गुजरात, उत्तर प्रदेशात होते. पुडीवर प्रमाण छापलेलं असतं, वाचून बघा. निम्म्याहून कमी कॉफी असलेलं मिश्रण भारतात विकता येत नाही, 51 टक्के हवीच. (आणि वर मी "बोरलोत्ती शेंगदाण्यांची" लिहिलंय. शेंगांतल्या दाण्यांची! भुईमुगाचा काही संबंध नाही. कुणीतरी खरंच करून बघायचं.)

गेंटचा_गणू

ताई, बेल्जियममध्ये आमचा विटलोफ म्हणजे याच घरातला गोरा भाऊ. 'पांढरं पान' असाच नावाचा अर्थ. इथे पाण्याऐवजी तळघरात, बादलीत ओल्या मातीत मुळं उभी करतात. पानं गाभ्याच्या वर दोन बोटं ठेवून कापतात. तीन-चार आठवड्यांत पांढरे कोंब. ओलीभेळ, तुमच्याकडे गॅरेज नसेल तर हे करून बघा, पाणी बदलायची कटकट नाही. खाताना बुडाशी सुरीने शंकूसारखा तुकडा काढून टाका, कडू तिथे जास्त असतं.

ओलीभेळ

ताई, बावीस दिवसांनी लिहितेय. चौदापैकी अकरा बादलीत ठेवली, तीन गणूदादांच्या पद्धतीने मातीत. पाणी रोज बदललं, एक शनिवार-रविवार सोडून. तेव्हा वेनिसला गेलो होतो. आल्यावर गॅरेजचं दार उघडलं तर नवरा म्हणाला, "उंदीर मेलाय."

काल संध्याकाळी सोलायला बसले. पहिली दोन झाडं पूर्ण सोलली तरी आत काहीच नाही, नुसता चिखल. तिसऱ्यात बोटाएवढा गाभा दिसला, खरंच लाल! अकरांत मिळून साडेसहाशे ग्रॅम. मातीतली तीन अजून तशीच आहेत, आठवडाभर थांबते.

तव्यावर भाजला, वर लिंबू. नवऱ्याने यावेळी पाणी मागितलं नाही. तासलेल्या मुळाचा तुकडा उचलून म्हणाला, "हे जरा जास्त ठेवायचं होतंस." बोरलोत्ती भिजत घातल्यात. फोडणीत हिंग घालू का?

कृष्णाकाठ

घाल. खिडकी लावून घे.