फॉल्स सिलिंगचं माप कसं काढायचं? ठेकेदार करारातला कार्पेट एरिया धरतोय

धागाकर्ती
पुण्यात आमचा टू-बीएचके आहे, ताबा 2021 चा. हॉल-डायनिंग आणि दोन्ही बेडरूमना जिप्सम बोर्डाचं फॉल्स सिलिंग करायचंय. ठेकेदाराने करारातला 640 चौ. फूट कार्पेट एरिया घेऊन त्यावरच दर लावला. किचन-बाथरूम करायचेच नाहीत, मग 640 कसे? आईबाबांच्या साठवलेल्या पैशांतून काम होणार आहे, म्हणून प्रत्येक फुटाचा हिशोब मला समजून घ्यायचाय. स्वतः माप कसं घेऊ?

प्रतिसाद १ (साइटवर काम करतो)
ताई, कार्पेट एरिया म्हणजे छताचं माप नव्हे. घरखरेदीच्या रेरा कायद्याच्या (2016) व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींची जाडीसुद्धा कार्पेटमध्ये मोजतात. भिंतीच्या जाडीवर कोणी सिलिंग लावत नाही. खोलीवार मोजा.

माप जमिनीवर घेऊ नका, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची टाइलची पट्टी) आणि फर्निचर आडवं येतं. स्टुलावर चढून छताजवळ, प्लास्टर ते प्लास्टर टेप धरा. दुसऱ्या टोकाला कोणीतरी हवंच, एकट्याने धरलेली टेप मध्ये झोळ खाते. भिंती क्वचितच समांतर असतात, त्यामुळे लांबी दोन्ही कडांना मोजून सरासरी घ्या. एल आकाराच्या हॉलचे दोन आयत पाडा आणि मधला पट्टा दोन्हीकडे धरला जाणार नाही हे बघा. छताला भिडलेलं कपाट किंवा माळा असेल तर तेवढा भाग वजा.

पंख्याच्या किंवा लाइटच्या भोकाची वजावट मागू नका. बांधकाम मोजमापाच्या आयएस 1200 या भारतीय मानकातही प्लास्टरसाठी अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं (साधारण साडेपाच चौ. फूट) भोक वजा करत नाहीत.

प्रतिसाद २
इंचांचं सांभाळा, कळकळीने सांगते. आमच्या घरी मी 10 फूट 10 इंच कॅल्क्युलेटरवर 10.10 असं टाकलं होतं. खरा आकडा 10.83. खोलीची दुसरी बाजू 10 फूट, म्हणजे सात चौ. फूट हिशोबातून गेले आणि ऐन कामात बोर्ड कमी पडला. टेम्पोचं भाडं दुसऱ्यांदा भरलं. इंचांना 12 ने भागायचं: 3 इंच म्हणजे .25, 4 इंच म्हणजे .33, 6 इंच म्हणजे .5. सुतार सुतात बोलेल (8 सूत म्हणजे 1 इंच), पण सिलिंगला अर्ध्या इंचापर्यंतचं माप पुरतं.

धागाकर्ती
काल रात्री भावाला घेऊन मोजलं.
हॉल 16'3" × 10'6" = 170.6
डायनिंग 8'9" × 7'4" = 64.2
मोठी बेडरूम 11'3" × 10' = 112.5
छोटी 10'6" × 9'9" = 102.4
एकूण 450 चौ. फूट! 640 आणि 450 मध्ये 190 चा फरक आहे. आता सामान किती लागेल?

प्रतिसाद १
छान मोजलंत. बाजारात बोर्ड बहुतेक 6 × 4 फुटी, म्हणजे 24 चौ. फुटांचा. 450 वर 10 टक्के कटिंगचे धरले की 495, भागिले 24, म्हणजे 21 बोर्ड. हॉल एल आकाराचा आहे, एखादा जास्त ठेवा.

बोर्ड ज्यावर बसतो त्या पत्र्याच्या सांगाड्याचं गणित क्षेत्रफळावर नाही, लांबीवर चालतं. मोठ्या बेडरूमचा परिघ 42.5 फूट, म्हणजे 12 फुटी पेरिमीटर चॅनल (भिंतीलगत फिरणारी पट्टी) 4. सिलिंग सेक्शन (बोर्ड ज्याला स्क्रूने बसतो ती आडवी पट्टी) दर दीड फुटावर लागतो, 11'3" मध्ये साधारण 8 ओळी, प्रत्येक 10 फुटांची. 12 फुटी पट्टीतून प्रत्येकी 2 फुटांचे तुकडे उरतील, ते वाया म्हणूनच धरा. ओळींमधलं अंतर दोन फूट करून पैसे वाचवू असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, बोर्ड झोळतो. आणि पंखा स्लॅबच्या हुकालाच हवा, त्यासाठी लांब रॉड आत्ताच मागवा.

प्रतिसाद ३
आमचं घर कोकणात, कौलारू. पीव्हीसी पॅनल उतरत्या वाशांखाली लावायचेत. हेच माप चालेल का?

प्रतिसाद १
नाही. टेप आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरत्या बाजूनेच धरा आणि दोन्ही पाखी वेगळ्या मोजा. उतार 30 अंशांचा असला तर जमिनीच्या मापापेक्षा साधारण 15 टक्के जास्त भरतं.

धागाकर्ती
ठेकेदाराला वही दाखवली. शनिवारी सोबत मोजायला तयार झालाय. पण हॉलमधला कोव्ह (लपवलेल्या लाइटसाठी सिलिंगच्या कडेला केलेली खाच) रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, वेगळा लावणार म्हणतोय.

प्रतिसाद २
तशी पद्धत आहेच. फक्त कोव्हची उभी पट्टी रनिंग फुटात धरली की पुन्हा चौरस फुटात धरणार नाही, एवढं त्याच्याकडून कोटेशनवर लिहून घ्या. शनिवारचं माप एकाच कागदावर लिहा, दोघांच्या सह्या करा आणि फोटो काढून ठेवा.